स्पोर्ट मोडने गाडीची ताकद वाढते का?

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी ह्युंदाई व्हर्ना ही टर्बो पेट्रोल इंजिनाची आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी घेतली. महिन्यातून एकदा पुण्याहून पाचगणीला जाणे होते. स्पोर्ट मोड लावला की इंजिनाची ताकद वाढते, असे मुलाचे म्हणणे आहे. मला मात्र इंजिनाचा चढलेला आवाज ऐकून ते लवकर झिजेल अशी धास्ती वाटते. खरे काय? शिवाय पसरणी घाट उतरताना हा मोड लावावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चिरंजीवांना जे जाणवते ते खरे आहे, पण त्याचे कारण ते सांगतात ते नाही. तुमच्या गाडीचे इंजिन जास्तीत जास्त १६० पीएस शक्ती आणि २५३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, आणि मोड कोणताही लावला तरी हे आकडे तेवढेच राहतात. बदलतो तो तुमच्या पायाच्या दाबाचा गाडीने लावलेला अर्थ.

जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबल थेट इंजिनापर्यंत जात असे. आता पेडलखाली फक्त सेन्सर असतो. पेडल किती दाबले हे तो संगणकाला कळवतो आणि इंजिनात हवेची वाट किती उघडायची हे संगणक ठरवतो. स्पोर्ट मोडमध्ये तेवढ्याच दाबाला ही वाट अधिक उघडली जाते, त्यामुळे पाय नुसता टेकवला तरी गाडी उसळल्यासारखी वाटते. पेडल तळापर्यंत दाबल्यावर मात्र नॉर्मल आणि स्पोर्ट या दोन्ही मोडमधला हा फरक जवळजवळ संपतो.

दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा बदल गिअरबॉक्समध्ये होतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगाने जात असताना पाय न हलवता मोड बदलून पाहा. बहुधा गिअर एक-दोन पायऱ्या खाली येईल आणि इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा काटा पंधराशेच्या आसपासून दोन हजारांपलीकडे सरकेल. तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क १५०० ते ३५०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. नॉर्मल मोड पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिनाला या पट्ट्याच्या खालच्या काठावर ठेवतो, तर स्पोर्ट मोड त्याला पट्ट्याच्या मधोमध आणून बसवतो. फेऱ्या जास्त असल्या की बाहेर पडणाऱ्या वायूंचा झोतही जोरदार असतो, त्यामुळे टर्बोला, म्हणजे त्या झोताने फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याला, वेग घ्यायला वेळ लागत नाही आणि पुढचा ट्रक ओलांडताना तो अर्धा-एक सेकंदाचा अडखळा जाणवत नाही. या मोडमध्ये स्टिअरिंगही थोडे जड होते, पण ते केवळ हाताला जाणवण्यापुरते. सस्पेन्शन आहे तसेच राहते.

इंजिन झिजण्याची चिंता करू नये. फेऱ्यांची कमाल मर्यादा कारखान्यातच ठरवलेली असते आणि पेट्रोल इंजिनाला तीन हजार फेऱ्या म्हणजे काही फार कष्टाचे काम नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर तेल गरम होईपर्यंतची पहिली काही मिनिटे मात्र हा मोड टाळावा. पेट्रोल जास्त लागेल, हे उघडच आहे.

आता घाटाविषयी. खंबाटकीचा चढ चढताना स्पोर्ट मोडचा खरा उपयोग होतो, कारण वळणापाशी पाय उचलला तरी गिअरबॉक्स लगेच वरचा गिअर टाकत नाही आणि वळण संपताच ओढ तयार असते. पसरणी उतरतानाही खालचा गिअर टिकून राहिल्याने इंजिनच गाडीला मागे धरते, म्हणजे इंजिनाचा ब्रेक मिळतो, आणि चाकांचे ब्रेक तापत नाहीत. तथापि उतारावर संगणकावर विसंबण्यापेक्षा स्टिअरिंगमागच्या, हाताने गिअर बदलायच्या पॅडलने स्वतःच दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवणे मला अधिक खात्रीचे वाटते. पावसाळ्यात ओल्या वळणावर स्पोर्ट मोड नको, कारण पायाच्या किंचित दाबानेही पुढची चाके जागीच फिरू शकतात.

गर्दीत, विशेषतः कात्रजच्या बाजूने शहरात शिरताना, त्याचा काहीच फायदा नसतो. गाडी फक्त धक्के देत पुढे सरकते. मागच्या सीटवर कोणाला गाडी लागत असेल तर चिरंजीवांनी घाटातही नॉर्मलवरच राहावे, कारण वेग तेवढाच असला तरी पुढे-मागे होणारी डोकी स्पोर्टमध्ये जास्त हलतात आणि लिंबाची फोड हाती घेऊन बसलेल्या माणसाला ते सर्वांत आधी कळते.