ज्याच्या गावाला समुद्र नाही, त्याने खाडीवर गरी टाकावी का? आमिष काय न्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीत रत्नागिरीला सासुरवाडीला जाणार आहात, खाडीवर गरी, म्हणजे माशाचा गळ, टाकायची आहे, तर बडोद्याहून आमिष काय न्यावं, जागा कशी ओळखावी, आणि आपल्यासारख्या बडोदेकराला हे जमतं का?

शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. तेच वाक्य आतेभावाच्या तोंडून मी वीस वर्षं ऐकतोय.

जमतं. आणि इथून आमिष काहीही नेऊ नका. गऱ्या, शिसं आणि चांगला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, न्या, बस्स. ज्या पाण्यात गरी टाकायची, त्याच पाण्यातलं आमिष त्याच दिवशी घ्यायचं. बर्फात ठेवून चौदा तास गाडीतून नेलेली कोळंबी पाण्यात पडली की पिचपिचीत होते आणि बारीक मासे ती गरीवरून सोलून नेतात. मोठ्या माशापर्यंत ती पोचतच नाही.

२०१५ ची भाऊबीज. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले कायस्थ, मासळीवर जीव टाकणारं घर. आत्या रत्नागिरीत, भाट्याजवळ. आदल्या रात्री मी आतेभावाला म्हटलं, "दादा, उद्या द्वितीया. सकाळी सहा-साडेसहाला पाणी पार ओसरलेलं असेल. दुपारी जाऊ." दादा सगळ्यांसमोर हसला. "तुला कुठली रे भरती माहीत? विश्वामित्रीतली?"

विश्वामित्री ही आमची बडोद्यातली नदी. पण मला भरती कंबोईने शिकवली होती. पादरा-जंबुसर रस्त्याने बडोद्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, महीच्या मुखाशी कावी-कंबोई आहे. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं हे बडोद्यात पोरासोरांना ठाऊक असतं, पण लोक दर्शन घेऊन परत फिरतात. मी तिथे थांबायचो. खंभातच्या आखातात उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी भावनगरकडे दहा मीटरच्या आसपास चढतं. मुंबईला ते पाच मीटरच्या आतबाहेर असतं, रत्नागिरीला त्याहून कमी. एवढं पाणी सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं, म्हणजे नदीच उलटी वाहिल्यासारखं दिसतं. चिखलात खुंट रोवून जाळी लावणारे एक काका तिथे भेटायचे. ते एकच वाक्य सांगायचे, "पाणी चाले तो माछली चाले." पाणी थांबलं की ते बिडी पेटवून बसायचे, पाण्याला ओढ लागली की उठायचे. मी त्यांच्याकडे पाच वर्षं गेलो.

तर भाऊबीजेला दादाने साडेपाचला उठवलं. "मासा पहाटेच लागतो." महागडा रॉड, रील, फ्रीजमधली कोळंबी. भाट्याच्या पुढे खडकांवर जाऊन बसलो. पाणी खाली गेलेलं आणि थांबलेलं. शिसं टाकलं की तंगूस सैल पडून राहायचा. दर दहा मिनिटांनी रिकामी गरी वर यायची. पुढे पाणी फिरलं, जरा चालायला लागलं, पण तोवर कोळंबी संपली होती आणि दादाचा धीरही. नऊला उठताना तो म्हणाला, "तू बरोबर असलास की असंच होतं. तुम्ही बडोदेकरांनी शेवउसळ खावी." मी काही बोललो नाही. ते वाक्य आजही सलतं.

ताईने ओवाळलं, जेवणं झाली, सगळे आडवे झाले. मी तीनला एकटा काजळी नदीवरच्या पुलाखाली गेलो. हिशेब साधा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे तुमच्या सासऱ्यांनाही पाठ असेल. द्वितीयेला दीड येतो, रत्नागिरीला मुंबईपेक्षा थोडी आधी, म्हणजे साडेबारा-एकला पाणी भरलेलं. तीनला सुकतीची, म्हणजे ओहोटीची, ओढ जोरात. पुलाखाली एक जण पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकत होता, त्याच्याकडून बोटभर लांबीचे चार जिवंत मासे, बोई, मागून घेतल्या. पैसे द्यायला लागलो तर त्याने घेतले नाहीत.

इथे तुमच्या जागेच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चालत्या पाण्यात मोठा मासा धारेत उभा राहत नाही. खांबाच्या, खडकाच्या मागे पाणी संथ होतं, तिथे तो दबा धरून बसतो आणि धारेतून वाहत येणारं उचलतो. म्हणून धार ज्या बाजूने येते, खांबाच्या त्या बाजूला आमिष टाकायचं आणि धारेलाच ते आडोशापर्यंत नेऊ द्यायचं. बोईला वरच्या ओठातून गरी घातली, हातात नुसता तंगूस. दोन बोई वाया गेल्या. तिसरीला असा हिसका बसला की बोट कापलं. ती तांबोशी होती, खाडीतला तांबूस मासा. तांबोशी गरी घेतली की सरळ खांबाकडे पळते, आणि खांबावरची कालवं तंगूस सुरीसारखा कापतात, त्यामुळे पहिल्या चार-पाच हातांत तिला बाहेर ओढली नाही तर गेलीच. मी ओढली. सव्वादोन किलो. आत्याने रात्री तिखलं केलं आणि डोक्याचा तुकडा माझ्या ताटात वाढला.

दादा जेवता जेवता म्हणाला, "पुलाखाली कोणालाही लागते." कोणालाही लागते, तर पहाटे आपण तिथे का नव्हतो? या प्रश्नाचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.

आमिषाचं राहिलं. पाणी गढूळ असेल तर वास चालतो: बांगड्याची किंवा तारलीची तेलकट पट्टी, नाहीतर म्हाकूल (स्क्विड), कारण ते चिवट असतं आणि गरीवरून सुटत नाही. पाणी नितळ असेल तर हालचाल चालते, मग जिवंत कोळंबी किंवा बोई. वाळूवर मुडदुशीला, त्या लहान माशाला, सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो, तिथे मोठी गरी घेऊन जाऊ नका. प्लॅस्टिकचे मासे गढूळ पाण्यात मला तरी कधी लागले नाहीत. नितळ पाण्यात लोकांना लागतात, हे मान्य.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: पाऊणपटीचा हिशेब कोकणातला आहे. आखातात भरती त्याहून काही तास उशिरा पोचते, तेव्हा कंबोईला तो लावून चिखलात उतरू नका. तिथे पाणी माणसाच्या चालीपेक्षा जलद येतं. शेंगटी (मिशांचा मासा) लागली तर हाताने धरू नका, पाठीचा आणि कल्ल्यामागचे काटे फार वाईट लागतात. ओल्या शेवाळी खडकावर एकटं जायचं नाही, आणि याबाबतीत दादा माझ्यापेक्षा नेहमीच शहाणा होता. वीतभर तांबोशी आली तर परत सोडा.

तुम्ही लक्ष्मीपूजनाला पोचत असाल तर अमावास्येचं उधाण मिळेल. पाणी अकराच्या सुमाराला भरेल, दीडपासून चारपर्यंत पुलाखाली बसा, शिसं जड घ्या. मुक्काम अष्टमीपर्यंत लांबला तर भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती, असेल, ओढ कमी. तेव्हा उघडा किनारा सोडून खाडी जिथे अरुंद होते तिथे जा, कारण थोडंसं पाणीही तिथे जोर धरतं. त्या दिवशी भरती संध्याकाळी पाचच्या आसपास, म्हणून दुपारी दोनला चढत्या पाण्यात गरी टाका.