गृहकर्जाचे दोन हप्ते थकलेत, नोकरी गेलीय. बँक घर जप्त करेल का?

लगेच नाही, पण बँकेचे फोन टाळू नका. थकबाकी 90 दिवसांपुढे गेली की खातं एनपीए (बँकेच्या भाषेत थकीत कर्ज) होतं आणि मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, पैसे भरण्यासाठी 60 दिवसांची नोटीस येते. म्हणून तिसरा हप्ता चुकण्याआधीच शाखेत जा. नोकरी गेल्याचं पत्र, सहा महिन्यांचं स्टेटमेंट न्या आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. तुमच्याकडच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्याच. माझ्या भावाचं सगळं तोंडी ठरलं होतं, साहेबांची बदली झाली आणि नवीन साहेब म्हणाले, "फाइलीत काहीच नाही."

नोटीस आलीच तर त्या 60 दिवसांत लेखी हरकत घ्या. ती फेटाळली तर 15 दिवसांत बँकेला कारणं कळवावी लागतात. ताब्याची कारवाई झाली तर 45 दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) दाद मागता येते. लिलावाची जाहिरात निघण्याआधी बँकेचं सगळं येणं खर्चासकट भरलं तर घर सुटतं.

विकण्याशिवाय इलाजच नसेल, तर बँकेला सांगून स्वतःच विका. लिलावात बऱ्याचदा बाजारभाव मिळत नाही.