लेन्स बदलण्याआधी : पक्षीछायाचित्रणाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भिगवणला होडीतून १५०-६०० झूमने रोहित टिपले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान वाटले, संगणकावर सगळेच सॉफ्ट, म्हणजे पुसट. ६०० मिमीची प्राइम (झूम न होणारी लेन्स) घ्यावी का? (बारामती)

उत्तर : इतक्यात नको. बिघडलेला फोटो शंभर टक्के मोठा करून बघा; बिघाडाचे कारण बहुतेक वेळा त्यातच दिसते. सगळ्या फ्रेममध्ये एकाच दिशेला ओढल्यासारख्या रेघा असतील तर कॅमेरा हलला. पक्षी पुसट आणि मागचे गवत धारदार, तर फोकस चुकला. डोळा स्वच्छ पण पंखांची टोके विरलेली, तर शटरचा वेग कमी पडला. उडत्या रोहिताला १/२००० सेकंद आणि सुरयांना (टर्न पक्ष्यांना) १/३२०० तरी ठेवा. चौथे कारण भिगवणच्या उजनी जलाशयावर नेहमीचे, आणि त्याचे खापर हमखास लेन्सवर फुटते. ऊन चढले की पाण्यालगतची हवा थरथरते, पक्ष्याच्या कडा नागमोडी आणि तुटक येतात. त्यावर प्राइमही उपाय नाही. लांबून मोठे करून टिपले की थरथरही मोठी होते. उजाडताना होडी पाण्यात हवी आणि ऊन तापायच्या आत मुख्य काम उरकायला हवे.

होडीत ट्रायपॉड लावला तर इंजिनाची कंपने थेट लेन्सपर्यंत पोचतात. इंजिन बंद करायला सांगा, होडीच्या काठावर दोनेक किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. झूम ६०० वर असेल तर एफ/६.३ ऐवजी एफ/८ (लेन्सचे छिद्र थोडे लहान) वापरून बघा. लेन्सपुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढा; कधी कधी सगळा दोष त्याचाच निघतो.

आणि थवा उडावा म्हणून नावाड्याला होडी अंगावर घालायला लावू नका. चरणारे रोहित माना वर करून एकाच दिशेला चालू लागले, की होडी तिथेच थांबवायची.

प्रश्न : बगळ्याची पिसे दरवेळी जळून पांढराफटक डाग होतो. (नाशिक)

उत्तर : कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर सगळ्या दृश्याची सरासरी काढतो. गडद पाण्यापुढे बगळा छोटा असेल तर मीटर पाणी उजळवायला जातो आणि बगळा जळतो. अशा वेळी एक्स्पोजर –१ करा, म्हणजे एक स्टॉप कमी, प्रकाश निम्मा. बगळ्याने फ्रेम भरली की उलटे होते, पिसे राखाडी येतात, तिथे +२/३ लागते. उडता बगळा क्षणात झाडीवरून आकाशावर येतो. त्याच्यामागे डायल फिरवत बसण्यापेक्षा मॅन्युअल मोड (सगळे आकडे आपणच ठरवायचे) बरा, कारण त्याच्या अंगावरचे ऊन तेच असते. लख्ख उन्हात एफ/८, १/३२००, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० पासून सुरुवात करा आणि हायलाइट वॉर्निंग, म्हणजे जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकून दाखवणारी सोय, चालू ठेवा. पिसांवर लुकलुक दिसली की तिसरा हिस्सा स्टॉप कमी करा. पुरती जळालेली पिसे रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही) परत येत नाहीत.

प्रश्न : घरट्यासमोरची एखादी फांदी बाजूला बांधली तर चालेल? (सातारा)

उत्तर : नाही. आडोसा गेला की पिलांना ऊन लागते आणि कावळ्याला घरटे दिसते. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणेही येते.

प्रश्न : एका रिसॉर्टला परिसरातल्या पक्ष्यांचे फोटो हवे आहेत, दिवसाच्या हिशेबाने पैसे देणार आहेत. तेच फोटो पुढे मासिकांना विकता येतील का? (सावंतवाडी)

उत्तर : करार न करता काम केलेत तर अडचण येईल. कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १७ प्रमाणे, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक तो काम सांगणाराच, वेगळे ठरले नसेल तर. म्हणून आधी एका पानावर सह्या घ्या : कॉपीराइट तुमचा, रिसॉर्टला फक्त वापराचा परवाना. वापर कुठे (वेबसाइट, माहितीपत्रक, फलक), किती वर्षे आणि फोटो तिसऱ्याला देता येतील का, हे स्पष्ट लिहा. रॉ फाइली त्यात धरू नका. मागितल्याच तर त्यांचा दर वेगळा लावा.