‘नुसतं खेळवायचे पैसे घेता व्हय?’

मी मुलांवर खेळातून मानसोपचार करते. बहुतेक आईवडील हा प्रश्न आडून विचारतात. या आजींनी तोंडावर विचारला. वर म्हणाल्या, "खेळायचंच असंल तर घरात अंगण हाय की, बाई."

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

कोल्हापुरात पंचगंगेकडच्या एका गल्लीतलं घर. दारात म्हशी, गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध विकायचं. नातू सात वर्षांचा. जुलै २०२१ च्या महापुरानंतर रात्री अंथरूण ओलं करायला लागला. त्याआधी तीन वर्षं कोरडा होता. असं मूल आलं की मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, साखर हे तपासल्याशिवाय मनाकडे वळायचं नाही. सगळं नॉर्मल आलं.

माझ्या खोलीत वाळूची उथळ पेटी आहे, शेजारी छोटी माणसं, घरं, गाड्या, जनावरं. आजींना ते माझंच खूळ वाटलं. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टर १९२९ च्या सुमारास मुलांना अशी दुनिया मांडू देत होत्या, हे सांगूनही त्या काही विरघळल्या नाहीत.

पहिल्या दिवशी पोरानं काळी म्हैस उचलली, वाळूत पुरली आणि वरून तळहातानं थापून सपाट केलं. पुढच्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या वेळी मी चुकले. "का रे पुरतोस तिला?" विचारून बसले. इतक्या वर्षांनीही जीभ घसरतेच! त्यानं हात झटकले आणि उरलेला सगळा वेळ खिडकीतून रिक्षा मोजल्या. मग मी दिसेल तेवढंच बोलायला लागले. "झाकलीस." "वरून दाबलंस." सातव्या वेळी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही मामाकडं न्हाई गेलेली."

त्याचं वाक्य मी घरच्यांना सांगितलं नाही. आई आणि आजींना बोलावून एवढंच विचारलं, पुरात जनावरांचं काय झालं? आजी बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. पाणी चढलं त्या रात्री एक म्हैस जागची हलेना. दावं कापून सोडून दिली, ती परत आली नाही. पोर बुजू नये म्हणून ‘मामाकडं पाठवली’ ही थाप सगळ्या घरानं सांभाळलेली. इकडे आजोबा रोज राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची पातळी किती, ते मोठ्यानं वाचायचे. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे पोराला पाढ्यांआधी पाठ! नदीचं सगळं त्याच्या कानावर, म्हशीचं विचारायची मात्र सोय नाही.

मी म्हटलं, खरं सांगा, थोडक्यात सांगा, आणि तुम्हीच सांगा.

गुडघे धरलेले असतानाही आजी पेटीपाशी खाली बसल्या. "बाळा, ती गेली. दावं मीच कापलं."

"मला ठावं हाय," तो म्हणाला. वाळू उकरून म्हैस काढली, फुंकर मारली आणि आजीच्या हातात दिली.

अंथरूण काही दुसऱ्या दिवशी कोरडं झालं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत आठवड्यातून एखादी रात्र जायचीच. पावसाळ्यात पातळी वाचायचं काम त्यानं आजोबांकडून आपल्याकडे घेतलं. शेवटच्या भेटीला आजींनी चरवीभर दूध आणलं आणि फीमध्ये काही कमी होतंय का, तेही विचारून घेतलं.