आपल्याकडची चक्रीवादळं घड्याळाच्या उलट आणि ऑस्ट्रेलियाकडची घड्याळासारखी का फिरतात?

प्रश्नात पुढे असंही विचारलंय की बेसिनमधलं पाणी पण याच कारणाने फिरतं का. त्यावर शेवटाकडे येतो, आधी वादळ.

मी हवामानखात्यातला वगैरे नाही, दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. म्हणजे होती म्हणायला हवं, कारण 3 जून 2020 ला निसर्ग वादळात अर्ध्याहून जास्त झाडं गेली. तर झालं असं की वीज, नेटवर्क सगळं गेलेलं, कित्येक दिवसांनी चौलच्या मामाचा फोन लागला आणि एकमेकांची खुशाली विचारून झाल्यावर दोन मिनिटांत आमचं भांडण. मामा म्हणतो वारा पूर्वेचा होता, मग उत्तरेचा झाला, माझे माड सगळे समुद्राच्या बाजूला झोपलेत. मी म्हणतो काहीतरीच काय सांगतोस, आमच्याकडे सकाळी आग्नेयेचा, मग दक्षिणेचा आणि दुपारी जो पश्चिमेकडून आला त्यानेच वाट लावली, आमच्या पोफळी डोंगराकडे पडल्यात. "अरे तू घाबरून माजघरात बसला असशील, तुला काय दिशा कळणार", इति मामा.

आता गंमत अशी की दोघेही बरोबर होतो. वादळ जमिनीवर आलं दिवेआगर-श्रीवर्धनच्या आसपास, चौल त्याच्या उत्तरेला आणि आम्ही दक्षिणेला. मधे एक भोवरा घड्याळाच्या उलट फिरतोय असं कागदावर काढा, त्याच्या वरच्या बाजूला वारा पूर्वेकडून पश्चिमेला जाताना दिसेल आणि खालच्या बाजूला पश्चिमेकडून पूर्वेला. म्हणजे आमच्या दोन वाड्यांतली पडलेली झाडं जोडून बघितली असती तर सॅटेलाईटचा फोटो न बघताही सांगता आलं असतं वादळ कुठल्या दिशेने फिरलं ते.

बरं पण उलटंच का? शाळेत आपण फेरेलचा नियम पाठ केलाय, उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो (माझाही होता) की उजवीकडे वळतात तर मग वादळ घड्याळासारखं फिरायला नको का?

तर असं समजा की खळ्यात मधोमध तुळशीवृंदावन आहे आणि चारी बाजूंनी चार पोरं त्याच्याकडे पळत सुटलीत. वृंदावन म्हणजे कमी दाबाची जागा, पोरं म्हणजे वारा. प्रत्येक पोराला कोणीतरी सतत त्याच्या उजवीकडे ढकलतंय. मग पोरगं वृंदावनावर आदळणार नाही, त्याच्या उजव्या अंगाने निसटेल आणि वृंदावन त्याच्या डाव्या हाताला राहील. कमी दाब त्याला आत ओढत राहतो, तो ढकलणारा बाहेर ढकलत राहतो आणि या ओढाताणीत पोरगं वृंदावन डाव्या हाताला ठेवून गोल फिरायला लागतं. चौघांचंही तेच. आपण प्रदक्षिणा घालतो तेव्हा देव उजव्या हाताला असतो, इथे डाव्या हाताला, म्हणजे आपल्याकडचं वादळ उलटी प्रदक्षिणा घालतं, आणि ऑस्ट्रेलिया, मादागास्कर, फिजी तिकडची वादळं रीतसर सुलटी घालतात. 🙂

आता तो ढकलणारा कोण? खरं म्हणजे कोणीच नाही, पृथ्वी खालून फिरते म्हणून तसं वाटतं. विषुववृत्तावरची जमीन तासाला साधारण 1670 किमी वेगाने पूर्वेकडे चाललीय, रत्नागिरीच्या अक्षांशावर तोच वेग 1600 च्या आसपास आणि 60 अंशांवर बरोबर निम्मा. म्हणजे दक्षिणेकडून आपल्याकडे येणारी हवा जास्तीचा वेग घेऊन येते आणि जमिनीच्या पुढे, पूर्वेला सरकते, म्हणजे तिच्या उजवीकडे. उत्तरेकडून खाली येणारी मागे पडते, पश्चिमेला जाते, तेही तिचं उजवंच. पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या वाऱ्याचं कारण जरा निराळं आहे पण निकाल तोच. कोरिऑलिस नावाच्या फ्रेंच माणसाने 1835 मध्ये याचं गणित मांडलं, तेही वादळासाठी नाही, फिरणाऱ्या यंत्रांसाठी!

दक्षिण गोलार्धात उलटं का, यासाठी छताकडे बघा. पंखा खालून बघितला की एका दिशेने फिरताना दिसतो आणि तोच माळ्यावर चढून फटीतून वरून बघितला तर दुसऱ्या दिशेने. पंखा तोच. पृथ्वी उत्तर ध्रुवावरून बघितली तर घड्याळाच्या उलट फिरते, दक्षिण ध्रुवावरून बघितली तर घड्याळासारखी, आणि वादळं आपापल्या बाजूच्या पृथ्वीचं ऐकतात. मे 2022 मध्ये बंगालच्या उपसागरात असनी आणि विषुववृत्ताच्या खाली करीम अशी दोन वादळं एकाच वेळी होती, त्यांचा फोटो शोधून बघा, अगदी आरशात बघितल्यासारखी दिसतात. आणि बरोबर मधे, विषुववृत्तावर, हा परिणाम शून्य, म्हणून साधारण 5 अंशांच्या आत चक्रीवादळ तयारच होत नाही म्हटलं तरी चालेल. अपवाद आहेच, डिसेंबर 2001 मधलं वामेई, सिंगापूरजवळ जेमतेम दीड अंशावर झालं होतं. हरिकेन, टायफून ही त्या त्या भागातली नावं फक्त, फिरण्याचा नियम सगळ्यांना तोच.

बेसिनचं म्हणाल तर नाही. हा परिणाम इतका बारीक आहे की तो दिसायला शेकडो किलोमीटरचा पसारा आणि दिवसच्या दिवस लागतात, बेसिनमधलं पाणी नळ कुठे आहे, तळ कसा उतरता आहे, तुम्ही हात कसा घातला यावर फिरतं. शेतात उठणारी वावटळसुद्धा कुठल्याही दिशेने फिरते. मात्र 1962 मध्ये अमेरिकेत शपिरो नावाच्या प्राध्यापकाने सहा फूट रुंद टाकीतलं पाणी 24 तास अजिबात न हलवता ठेवलं आणि मग हळूच बूच काढलं, तेव्हा ते खरंच घड्याळाच्या उलट फिरलं. तुमच्या बाथरूममध्ये एवढा धीर कोणाला आहे!

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी यातली कामाची गोष्ट मला वाटते ती ही: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचा मध्य तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असतो. बाईस बॅलट नावाच्या डच माणसाने 1857 मध्ये हे सांगितलं. शिवाय वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या उजव्या अंगाला फिरण्याचा आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र होतो, म्हणून तिथे मार जास्त. निसर्ग ईशान्येकडे चाललं होतं, त्याचं उजवं अंग म्हणजे आम्ही. टीव्हीवर सगळे अलिबाग अलिबाग करत होते आणि आम्ही आपले जरा निर्धास्त. आणि वादळाचा डोळा डोक्यावर आला की सगळं शांत होतं, कधी ऊनही पडतं, तेव्हा कौलं बघायला छपरावर चढू नका, कारण थोड्या वेळाने तोच वारा बरोबर उलट्या दिशेने येतो आणि एका बाजूने कललेलं झाड दुसऱ्या बाजूला पाडतो.

पुढच्या वर्षी 17 मे ला तौक्ते आलं तेव्हा फोन चालू होता. मामाने विचारलं वारा कुठला, म्हटलं दक्षिणेचा. "इथेही दक्षिणेचाच", तो म्हणाला. वादळ समुद्रातून, आमच्या दोघांच्याही पश्चिमेने गुजरातकडे चाललं होतं, त्यामुळे यावेळी भांडायला काही उरलंच नाही.