ज्या गाठी भिजल्या आणि गाठी, ज्या भिजल्या

नमस्कार. शहाद्याच्या सदस्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. पपईच्या थकलेल्या पैशांविषयी त्यांनी ‘द फार्मर्स, हू सप्लाइड पपाया इन मार्च, हॅव नॉट बीन पेड’ असे लिहिले, तर समोरून ‘सर्व शेतकऱ्यांचे पैसे थकल्याचे आपले विधान असत्य आहे’ असे उत्तर का आले, हा पहिला. ‘वन ऑफ द फार्मर्स हू’ याच्यापुढे ‘ग्रो’ लिहावे की ‘ग्रोज’, हा दुसरा. पहिला प्रश्न वाचताना मला माझीच जुनी फाइल उघडल्यासारखे वाटले, म्हणून हे लांबलचक उत्तर. मी इंग्रजीचा शिक्षक नाही; जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात) बरीच वर्षे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळला, एवढाच माझा अधिकार.

‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ यांना वचन नसते, हे आपण जाणताच. आपल्याकडे ‘जो’चा ‘जे’ होतो, ‘जी’ची ‘ज्या’ होते. इंग्रजीत ते ओझे क्रियापदावर पडते. खरी गोम क्रियापदातही नाही, स्वल्पविरामात आहे.

एका अवकाळी पावसात आमचा शंभर गाठींचा ट्रक कोइमतूरच्या वाटेवर भिजला. ताडपत्री मागून फाटली होती, त्यामुळे शेवटी चढवलेल्या, फाळक्याकडच्या सतरा गाठींत पाणी गेले. गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे जवळजवळ २,९०० किलो रुई. वाहतूक विम्याच्या दाव्यात मी ऐटीत लिहिले: ‘द बेल्स, विच वेअर लोडेड लास्ट, गॉट वेट.’ माझ्या मनात ‘ज्या गाठी शेवटी चढवल्या त्या भिजल्या’ हे वाक्य होते. कागदावर मात्र ‘गाठी भिजल्या, आणि हो, त्या शेवटी चढवल्या होत्या’ असा अर्थ उतरला, म्हणजे भिजल्या त्या शंभरच्या शंभर. सर्वेक्षकाच्या अहवालात सतरा आणि माझ्या पत्रात सर्व, तेव्हा दावा परत आला.

परत आला याचे दुःख नाही. कसा परत आला याचे आहे. त्या कार्यालयाने पत्रावर ‘विधानात विसंगती’ एवढे दोन शब्द लिहिले आणि विसंगती कोणती हे शेवटपर्यंत सांगितले नाही. मी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेस संबंधित साहेब रजेवर होते, दुसऱ्या खेपेस फाइल वरच्या मजल्यावर होती, आणि तिसऱ्या खेपेस खिडकीतल्या गृहस्थांनी माझेच वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवले, तेही स्वल्पविराम गिळून, त्यामुळे ते मला अगदी बरोबर ऐकू आले. आकडे चुकले असतील म्हणून मी वजनाच्या पावत्या पुन्हा जोडल्या, बिल्टीची प्रत पुन्हा जोडली, आणि त्याच दोन स्वल्पविरामांसह तेच वाक्य पुन्हा टंकून दिले. चार महिने गेले. अखेर मालकांच्या शिकणाऱ्या मुलीने पत्र पाहून विचारले, ‘काका, सगळ्याच गाठी भिजल्या होत्या का?’

ही चूक आपल्या हातून होते, कारण मराठीत ती करायला जागाच नाही. ‘ज्या… त्या…’ ही जोडी स्वतःच ढिगातून काही गाठी बाजूला काढते. ‘शेवटी चढवलेल्या गाठी’ म्हटले तरी निवड झालेली असते. जास्तीची माहिती द्यायची तर आपण सरळ दुसरे वाक्य जोडतो. ‘गाठी, ज्या शेवटी चढवल्या होत्या, भिजल्या’ अशी वाक्ये हल्ली मराठीतही दिसतात, पण ती इंग्रजीची उसनवारी आहे आणि, माझ्या मते, वाईट उसनवारी आहे. इंग्रजीत निवडीचे काम स्वल्पविराम न देण्यावर अवलंबून असते. एकवचनी विशेषनामाला हा धोका फारसा नाही, कारण तापी एकच आहे आणि तिच्यातून निवडण्यासारखे काही नाही. अनेकवचनी नाम आले की ‘सर्व की काही’ हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि वाचणारा त्याचे उत्तर तुमच्या विरामचिन्हांत शोधतो.

म्हणून माझी सवय अशी: निवड करायची तर ‘दॅट’, आणि स्वल्पविराम नाही, जास्तीची माहिती द्यायची तर ‘विच’, आणि दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम. इंग्रजी लेखनाच्या वापराचा कोश लिहिणारे हेन्री फाउलर यांनी १९२६ साली ही वाटणी सुचवली होती. अमेरिकी संपादक ती कसोशीने पाळतात. ब्रिटिश लेखक निवडीसाठीही ‘विच’ बिनदिक्कत वापरतात, त्यामुळे तसे कोणी लिहिल्यास त्याला चूक म्हणू नये. माणसांसाठी दोन्हीकडे ‘हू’ चालते, आणि आपल्या पत्रात घोटाळा झाला तो इथेच, कारण शब्द बदलत नसल्यामुळे सगळा भार स्वल्पविरामावर आला. याहून सोपी पळवाट म्हणजे ‘द बेल्स वी लोडेड लास्ट गॉट वेट’. निवड करणाऱ्या उपवाक्यात कर्माच्या जागचा ‘दॅट’ गाळता येतो, जास्तीच्या माहितीत ‘विच’ गाळता येत नाही, त्यामुळे असे लिहिले की स्वल्पविरामाचा मोहच होत नाही.

अनेकवचनाचा आणखी एक सापळा आहे. ‘द लेबल्स ऑन द बेल्स दॅट वेअर डॅमेज्ड’ यात खराब काय झाले, लेबले की गाठी? दोन्ही अनेकवचनी असल्यामुळे ‘वेअर’ काहीच सांगत नाही. लेबल एकच असते तर ‘वॉज’ने निकाल दिला असता. असे उपवाक्य शक्यतो लगतच्या नामाला जोडून वाचतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका लिफ्टचालक महिलेच्या अपंगत्व लाभाच्या प्रकरणात ‘विच एग्झिस्ट्स’ हे उपवाक्य लगतच्या ‘इतर काम’ या शब्दांनाच लागू आहे, त्याआधी आलेल्या ‘पूर्वीचे काम’ या शब्दांना नाही, असा एकमताने निर्णय दिला. तिची जुनी नोकरी आता फारशी उरलेलीच नाही, हा मुद्दा त्यामुळे तिच्या कामी आला नाही. आपण न्यायालयापर्यंत न जाता नामांची जागा बदलावी, हे बरे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात. ‘ही इज वन ऑफ द फार्मर्स हू ग्रो पपाया’ येथे ‘ग्रो’ लिहावे, कारण पपई पिकवणारे ते सारे शेतकरी आहेत आणि हा त्यांतला एक. ‘द ओन्ली वन ऑफ द फार्मर्स’ असेल तर मात्र ‘ग्रोज’, कारण पिकवणारा तो एकटाच. पहिल्या रचनेत चांगले लेखकही ‘ग्रोज’ लिहून जातात, त्यामुळे यावरून कोणाशी वाद घालण्यात अर्थ नाही. दावे यामुळे अडत नाहीत.

माझा दावा ज्या वाक्याने सुटला ते असे होते: ‘द ट्रक कॅरीड १०० बेल्स, १७ ऑफ विच गॉट वेट.’ इथे स्वल्पविराम हवाच. ‘विच’च्या जागी ‘देम’ मात्र घालू नये, कारण मग दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली जातात, आणि ‘त्यांतल्या सतरा’ हे मराठी डोक्यात असल्यामुळे आपला हात नेमका तिकडेच जातो.

आपल्या पत्राबाबत, कायदेशीर सल्ला न समजता, एवढेच सुचवतो. जुन्या प्रतीवर खाडाखोड करू नये. नव्या तारखेचे पत्र द्यावे, त्यात आधीच्या पत्राचा संदर्भ देऊन ‘ओन्ली द फार्मर्स हू सप्लाइड पपाया इन मार्च हॅव नॉट बीन पेड’ असे लिहावे, खाली त्या शेतकऱ्यांची यादी रकमेसह जोडावी, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. माझ्या दुसऱ्या पत्राची पोच मी घेतली नव्हती, आणि ते मिळालेच नाही, असे मला चौथ्या महिन्यात सांगण्यात आले.