वाचकांचे प्रश्न : जेरुसलेमच्या कबरीपाशी मार्गदर्शक व्हायचे असेल तर

प्रश्न : मी नागपूरच्या सदर भागात राहतो आणि शाळेत इतिहास शिकवून नुकताच सेवानिवृत्त झालो आहे. आमच्या मंडळीतील काही कुटुंबे पवित्र भूमीच्या यात्रेला जाऊन आली. जेरुसलेममधील ‘गार्डन टूम्ब’ येथे एका परदेशी गृहस्थांनी त्यांना सगळी जागा फिरून दाखवली आणि आपण येथे विनावेतन सेवा करतो असे सांगितले. तेव्हापासून आपणही काही काळ तेथे मार्गदर्शक म्हणून सेवा करावी, अशी माझी फार इच्छा आहे. भारतीय माणसाला हे शक्य आहे का, आणि खर्च कोण करतो? मुख्य शंका वेगळीच आहे. येशूची कबर होली सेपल्कर चर्चमध्येही दाखवतात आणि येथेही दाखवतात. यात्रेकरूंनी खरी कोणती असे विचारले, तर इतिहासाच्या शिक्षकाने काय सांगावे?

उत्तर : आपण ज्या शंकेला मुख्य म्हटले आहे तिचे उत्तर आधी देतो, कारण व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांची सोय पैशाने आणि कागदपत्रांनी होते, पण ही शंका मनात अर्धवट ठेवून गेलेला मार्गदर्शक पहिल्याच गटापुढे अडखळतो.

होली सेपल्कर चर्चच्या बाजूने पुरावा अधिक भक्कम आहे, हे स्पष्टपणे मान्य करावे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आज्ञेने तेथे उभारलेल्या चर्चचे समर्पण 335 मध्ये झाले, म्हणजे या जागेची परंपरा किमान चौथ्या शतकापासून अखंड आहे. 1009 मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या हुकमाने ते पाडले गेले, अकराव्या शतकात पुन्हा उभे राहिले आणि पुढे क्रुसेडरांच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, काळात त्याला आजचे रूप आले, तरी जागा बदलली नाही. आज हे चर्च जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत आहे, आणि ज्यू लोक तर मृतांना शहराबाहेर पुरत असत, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु त्या भागाला आत घेणारी तटबंदी ज्यू राजा हेरोद अग्रिप्पा पहिला याच्या काळात, म्हणजे 41 ते 44 च्या दरम्यान बांधायला घेतली गेली. येशूच्या वधस्तंभाचा काळ त्याच्या सुमारे दहा वर्षे आधीचा आहे. तेव्हा ही जागा शहराबाहेर होती आणि तेथे दगडाची जुनी खाण होती. चर्चच्या आतच, सीरियन ऑर्थोडॉक्स मंडळीच्या प्रार्थनास्थळामागे, खडकात खोदलेल्या पहिल्या शतकातील ज्यू पद्धतीच्या कबरी आजही पाहता येतात.

गार्डन टूम्बची कहाणी एकोणिसाव्या शतकातली आहे. जुन्या शहराच्या तटबंदीतील दमास्कस दरवाज्याच्या उत्तरेला असलेली ही कबर 1867 मध्ये उजेडात आली. 1883 मध्ये प्रसिद्ध ब्रिटिश सेनानी जनरल चार्ल्स गॉर्डन जेरुसलेमला आले असता जवळच्या कड्याचा आकार त्यांना कवटीसारखा वाटला आणि शुभवर्तमानात येशूच्या वधस्तंभाचे स्थान म्हणून सांगितलेली ‘कवटीची जागा’ म्हणजे गुलगुथा हीच, असे मत त्यांनी जोराने मांडले. ते मत त्यांच्या आधीही काहींनी मांडले होते, पण गॉर्डन यांच्या नावामुळे ते सर्वदूर पोचले. 1894 मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने ही जागा विकत घेतली आणि आजही तीच संस्था तिची देखभाल करते. पुढे पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बर्काय यांनी कबरीच्या रचनेचा अभ्यास करून ती इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकातील असल्याचे दाखवले. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र ज्यात तोवर कोणालाही ठेवले नव्हते अशा नव्या कबरीचा उल्लेख आहे. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, हे इतिहासाच्या शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

मग तेथे मार्गदर्शकाने उभे तरी का राहावे? माझ्या मते या जागेचे खरे मोल येथेच आहे. ही कबर हीच ती कबर आहे, असा हट्ट ती चालवणारी संस्था स्वतःच धरत नाही. कड्यासमोरच्या चौथऱ्यावर गट उभा राहतो. खाली बसस्थानकाचा गोंगाट चालू असतो, आणि मार्गदर्शक समोरच्या खडकातील डोळ्यांच्या खोबणींसारखे दिसणारे खळगे दाखवतो. पुढे जुने पाण्याचे टाके आणि द्राक्षे तुडवण्याचे दगडी कुंड लागते, तेव्हा येथे एके काळी मळा होता हे त्याला नीट सांगता येते. शेवटी कबरीचा दरवाजा येतो. दरवाज्यासमोर जमिनीलगत खडकात कोरलेली पन्हळीसारखी चर दिसते, आत उजव्या हाताला मृतदेह ठेवण्याच्या जागा आहेत आणि दारावरील पाटीवर ‘तो येथे नाही, तो उठला आहे’ या अर्थाचे इंग्रजी वचन लिहिलेले आहे. यात्रेकरू आत वाकून पाहतो, रिकामी जागा पाहतो आणि बाहेर येताना ती पाटी वाचतो. वचनात काय आहे, जमिनीत काय सापडले आहे आणि लोक काय मानतात, हे वेगवेगळे ठेवून सांगितले तर कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागत नाही. धक्का लागतो तो मार्गदर्शक या तिन्हींची सरमिसळ करतो तेव्हा, आणि नंतर यात्रेकरूला ते दुसरीकडे कळते तेव्हा. म्हणून कोणी ‘खरी कोणती’ असे विचारले, तर पुरावा त्या चर्चच्या बाजूने अधिक आहे हे शांतपणे सांगावे, आणि येथे बसून येशूच्या पुनरुत्थानाची ती सकाळ मनात उभी करणे सोपे जाते, म्हणून लोक येथे येतात, हेही तितक्याच आदराने सांगावे.

एक गोष्ट मात्र शिक्षकांना विशेष जपावी लागते. फेरी संपल्यावर गट बागेतील बाकांवर बसून गीते गातो, प्रार्थना करतो, पुष्कळ गट तेथेच प्रभुभोजन घेतात. त्या वेळी मार्गदर्शकाने बाजूला व्हायचे असते. चाळीस मिनिटांच्या तासिकेची सवय असलेल्या माणसाला शेवटची पाच मिनिटे भरून काढण्याचा मोह होतो. तो आवरावा.

आता व्यवहाराकडे वळू. ही संस्था ख्रिस्ती धर्मकार्य करणारी असल्याने मार्गदर्शकाची स्वतःची श्रद्धा आणि त्याच्या मंडळीची शिफारस यांना तेथे महत्त्व असते. त्यामुळे पहिले पत्र आपल्या पाळकांकडून घ्यावे. काम बहुतांशी इंग्रजीत चालते, परंतु भारतातून येणाऱ्या गटांत हिंदी आणि मराठी बोलणारे यात्रेकरू असतात, आणि आपल्या भाषेत रिकाम्या कबरीची हकीकत सांगणारा योहानाचा विसावा अध्याय वाचून दाखवणारा माणूस त्यांना भेटला तर त्यांना किती बरे वाटेल, याची कल्पना आपण करू शकता. अर्जात या दोन्ही भाषांचा उल्लेख अवश्य करावा.

इस्राएलमध्ये स्वयंसेवकांसाठी बी-४ हा वेगळा व्हिसा आहे आणि त्यासाठी आपल्याला बोलावणाऱ्या संस्थेने तेथील अधिकाऱ्यांकडे प्रक्रिया करावी लागते. पर्यटक व्हिसावर जाऊन सेवा सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. महाराष्ट्रासाठीचा इस्राएलचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो आणि प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपुरातच असल्याने त्यासाठी बाहेरगावी जावे लागणार नाही. हेही लक्षात ठेवावे की इस्राएलमध्ये पर्यटकांचे मार्गदर्शन करण्यासाठी पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो. स्वयंसेवकाने आपले काम संस्थेच्या आवाराच्या आतच ठेवावे. ओळखीचे नागपूरकर आले म्हणून त्यांना जुन्या शहरात गट करून फिरवणे, पैसे न घेताही, अडचणीत आणू शकते.

खर्चाबाबत कोणताही गोड गैरसमज ठेवू नये. विमानप्रवास, व्हिसा आणि विमा यांचा खर्च अशा सेवेत साधारणपणे स्वयंसेवकच करतो, आणि निवास व जेवणाची सोय संस्थेनुसार बदलते. ती काय आहे हे तिकीट काढण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. मधल्या कोणा दलालाला ‘जागा मिळवून देण्याचे’ पैसे देऊ नयेत. ऑक्टोबर 2023 पासून त्या प्रदेशात जे घडत आले आहे ते पाहता, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना प्रवास ठरवताना आणि निघण्याच्या आठवड्यातही पाहावी, आणि विमा घेताना युद्धजन्य परिस्थितीतील नुकसान वगळणारे कलम शोधून वाचावे. परिस्थिती प्रतिकूल असेल तर एक वर्ष थांबण्यात काहीच कमीपणा नाही. नागपूरच्या उन्हाची सवय असलेल्याला जेरुसलेमचा उन्हाळा जड जाणार नाही, पण हे शहर उंचावर असल्याने तेथील हिवाळ्यात थंडी आणि पाऊस एकत्र येतात, आणि दिवसभर दगडी फरशीवर उभे राहायचे असते. गुडघ्यांची तपासणी आधी करून घ्यावी.

थांबावे लागले तर तो काळ वाया घालवू नये. आपल्याच शहरात सराव करावा. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आले, त्यांनी शाळा काढली, या भागातील खडक आणि जीवाश्म यांचा अभ्यास केला आणि 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. चर्चच्या आवारात उभे राहून, ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांना हा इतिहास दहा मिनिटांत सांगून पाहावा. नोंदीत काय आहे आणि लोक आदराने काय जोडत गेले, हे त्यात वेगळे काढता आले, तर जेरुसलेमच्या कामाची निम्मी तयारी झाली असे समजावे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो लोकांना वाट दाखवणारे, पाणी देणारे, हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या गटापर्यंत पोचवणारे कार्यकर्तेही एकदा जवळून पाहावेत. श्रद्धेने आलेल्या गर्दीशी कसे बोलावे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

प्रश्न : मी प्रतापनगरमध्ये राहते, पर्यटनाचा अभ्यासक्रम करते आणि फ्रेंच शिकते. मी हिंदू आहे. परदेशातील चर्चमध्ये मार्गदर्शक म्हणून सुटीत स्वयंसेवा करता येईल का, की त्यासाठी ख्रिस्ती असणे आवश्यक असते?

उत्तर : जागेनुसार उत्तर बदलते. वरच्या उत्तरातील जागेसारख्या ठिकाणी मार्गदर्शक स्वतःच्या श्रद्धेतून बोलतो, त्यामुळे तेथे अर्ज करणे तुम्हालाही अवघड वाटेल आणि त्यांनाही. फ्रान्समधील लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानाचेही तसेच आहे. 1858 मध्ये बर्नाडेट सुबिरू या चौदा वर्षांच्या मुलीला तेथील गुहेत पवित्र मरियेचे अठरा वेळा दर्शन झाले, असे कॅथलिक श्रद्धावंत मानतात, आणि तेथील स्वयंसेवकांचे मुख्य काम आजारी यात्रेकरूंच्या चाकाच्या खुर्च्या नेणे, त्यांना आधार देणे हे असते. ती सेवा थोर आहे, पण मार्गदर्शकाचे काम नव्हे.

तुमच्यासाठी फ्रान्समधील ‘कासा’ ही संघटना अधिक योग्य वाटते. ती ख्रिस्ती प्रेरणेतून चालते. तिचे तरुण स्वयंसेवक उन्हाळ्यात एकत्र राहून जुन्या चर्चमध्ये पाहुण्यांना शिल्पे, रंगीत काचा आणि बांधकाम विनामूल्य समजावून सांगतात. तुम्ही कोणत्या धर्माच्या आहात, हे पहिल्याच पत्रात मोकळेपणाने लिहा आणि चालेल का ते विचारा. लपवून मिळवलेली जागा चार दिवसांत नकोशी होते. फ्रान्ससह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पण स्वयंसेवेसाठी नेमका कोणता व्हिसा घ्यायचा, हे संस्थेचे निमंत्रणपत्र दाखवून व्हिसा केंद्रातच विचारावे. फ्रेंचचा सराव करताना मात्र केवळ संभाषणावर थांबू नका. कमान, घुमट, वेदी, खांबाचा शीर्षभाग, संतांची नावे हे शब्द पाठ असल्याशिवाय फेरी घेता येत नाही, आणि निवडीच्या वेळी बहुधा तेच विचारले जाईल.